अशोकस्तंभाजवळचे मुके पेशंट

किस्से कसे साठतात सांगू? कुत्र्याच्या अंगावर गोचीड साठते तसे. वरून कुत्रं कसं चकचकीत दिसतं, पण उलटा हात फिरवला की केसांच्या मुळाशी एकेक लागायला लागते! संध्याकाळी फिरताना मित्र म्हणतात, "डॉक्टर, एखादा किस्सा होऊन जाऊ द्या!" मग मी वरवरचा, हसवणारा सांगतो. आज जरा उलटा हात फिरवतो.

सत्तरच्या सुमारास मी अशोकस्तंभाजवळ दवाखाना टाकला. तेव्हा नाशकात 'कुत्र्यामांजरांचा डॉक्टर' म्हटलं की लोक विचारायचे, "ते ठीक आहे, पण काम काय करता?"

*

माझे कंपाउंडर बाबूराव. रजिस्टरमध्ये जनावराचं नाव आधी लिहायचे आणि तेच खणखणीत आवाजात पुकारायचे. मोती! टॉमी! राजा!

जोशी नावाचे एक क्लार्क होते. साहेबांवरचा राग काढायला त्यांनी कुत्र्याला साहेबांचंच आडनाव दिलं होतं. कर्णिक! आम्ही सगळे त्यावर खूप हसायचो. एका सकाळी खरे कर्णिकसाहेब बायकोचं मांजर घेऊन बाकावर येऊन बसले. जोशी कोपऱ्यात, तोंडासमोर पेपर धरून. बाबूराव बाहेर आले आणि ओरडले, "कर्णिक! चला आत! तोंड बांधून आणा, मागच्या खेपेला चावलाय!"

कर्णिकसाहेब उभे राहिले. कुत्राही उभा राहिला.

महिन्याभरात जोशींची बदली नांदगावला. म्हातारी आई इथे, हे तिकडे. निरोप घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "साहेब म्हणतात, कुत्र्याचं नाव बदला, मी ऑर्डर बदलतो."

"मग बदला की हो!"

"सगळी नावं ट्राय केली, डॉक्टर. दुसऱ्या कशालाच ओ देत नाही!"

'बाबूराव, मालकाचं नाव पुकारत जा.' एवढं एक वाक्य मी आधी बोललो असतो तर? पण मलाच मजा येत होती ना!

*

शरणपूर रोडला परांजपे पतिपत्नी राहायचे. दोघंही रिटायर्ड. त्यांची मांजर मनी चौदा वर्षांची, किडन्या गेलेल्या. टेबलावर ठेवली की बाई म्हणायच्या, "मने, बाबांना सांग, टोपली नीट धरा." परांजपे म्हणायचे, "मने, आईला सांग, धरलीय." मला वाटायचं, काय लाड आहेत मांजरीचे!

शेवटी मीच म्हटलं, आता हाल नकोत, इंजेक्शन देऊ. दोघांनी माना हलवल्या. जाताना रिकाम्या टोपलीचा एक कान त्यांनी धरला होता, दुसरा बाईंनी.

महिन्याने परांजपे एकटेच आले. "एखादं पिल्लू असेल तर बघा. कसलंही चालेल."

"इतक्या लवकर?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. कशावरून तरी बिनसलं होतं आणि गेली नऊ वर्षं नवरा-बायको एकमेकांशी थेट बोलले नव्हते. चहा, भाजी, आजारपण, जे काय ते मनीमार्फत.

मी म्हटलं, "बघतो. पण पिल्लू आणायचं हे वहिनींना विचारलंत का?"

"विचारू कसं, डॉक्टर? मनी कुठाय?"

पिल्लू बघतो म्हणालो, पण मी फारसं शोधलं नाही. कामात राहून गेलं.

*

पंचवटीत एक शिक्षिका होत्या, पाटीलबाई. त्यांच्या अल्सेशियनचा, रॉकीचा, जबडा एकदम लोंबायला लागला. तोंडातून लाळ, पाणी गिळता येईना. गल्लीत बोंब झाली, कुत्रं पिसाळलं! पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायचे दिवस ते. मला दोन लहान मुलं. मी फाटकाबाहेरूनच बघितलं आणि सांगितलं, "पिसाळलाय. इलाज नाही."

बाई म्हणाल्या, "जवळून बघता का एकदा?"

"जवळ जायचंच नसतं, बाई!"

लांब काठीला फास लावून धरला आणि कायमचं झोपवायचं इंजेक्शन दिलं. मग डोकं तपासणीला पाठवायचं म्हणून जाड हातमोजे घालून तोंड उघडलं. वरच्या दाढांमध्ये, टाळूला आडवा, हाडाचा एक तुकडा अडकला होता. बोटभर लांब. चिमट्याने एका झटक्यात निघाला!

तपासणीतही पिसाळल्याचं काही सापडलं नाही. मी बाईंकडे गेलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. म्हणाल्या, "पेपर देताना मी मुलांना नेहमी सांगते. घाबरू नका रे, प्रश्न आधी नीट वाचा."

*

हा पिंपळगाव बसवंतचा, ऐंशीनंतरचा. नामदेव नावाचा द्राक्षबागायतदार टेम्पो घेऊन थेट दवाखान्याच्या दारात आला. टेम्पोत त्याची मुलगी सुमन, दहा-अकरा वर्षांची, आणि तिच्या मांडीवर त्यांचा कुत्रा, वाघ्या. आचके देत होता. टेबलावर घेईपर्यंत गेला.

नामदेवने मला ओट्यावर ओढलं. "डॉक्टर, इख मीच ठेवलं व्हतं. कोल्हे द्राक्षं खात्यात म्हून. ह्यानं कधी खाल्लं कळलंच नाय. पोरीला कळलं तर ती माझ्याशी जन्मात बोलायची नाय. साप चावला म्हना!"

मी आत जाऊन पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. "साप चावला गं त्याला." पुण्याचं काम केलं असं वाटलं तेव्हा!

दोन महिन्यांनी त्यांची म्हैस बघायला गेलो. सुमन धावत आली. "डॉक्टरकाका, आम्ही सापाला मारलं! बांधावर लय मोठी धामण व्हती, आज्याच्या टायमाची. चुलत्यांनी काठ्यांनी ठेचली!"

धामण बिनविषारी. उंदीर खाऊन शेत राखणारी. मी नामदेवकडे बघितलं, तो म्हशीकडे बघत होता. मी पोरीला एवढंच म्हणालो, "बरं."

त्या हंगामात बागेत उंदीर फार झाले. मग नामदेवने पुन्हा इख आणलं.

*

आता शेवटचा. दातारांची मुंबईला बदली झाली. तिथे चौथ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यामुळे शेरूला नेणं शक्य नव्हतं. शेरू साधा गावठी, तांबूस रंगाचा, सहा वर्षांचा. मीच सुचवलं, "चांदवडला माझ्या ओळखीचे कांदेवाले शेतकरी आहेत, त्यांच्याकडे देऊ. मोकळं रान आहे."

"राहील का तो?" दातारांनी विचारलं.

"आठ दिवसांत विसरेल! जनावर आहे, माझी गॅरंटी."

दातार मुंबईला गेले. त्यांच्या जागेत साळवे नावाचे भाडेकरू आले, सरकारी कचेरीत क्लार्क. पंधरा-वीस दिवसांनी साळवे दवाखान्यात आले. "डॉक्टर, एक कुत्रा दारात येऊन बसलाय. हाकललं तरी उठत नाही. पायांतून रक्त येतंय."

जाऊन बघतो तर शेरू! आग्रा रोडने चाळीस मैल, एवढ्या ट्रकांमधून. तळपायाची कातडी निघाली होती. साळवेवहिनी कोमट पाण्याने पाय धूत होत्या आणि म्हणत होत्या, "मला कुत्री आवडत नाहीत हं, आधीच सांगते."

शेरू तिथेच राहिला. दातारांना कळवायला मी पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. दोन खोल्यांत बसून करणार काय होते ते?

दीड वर्षाने दातार एका लग्नाला नाशिकला आले, माझ्याकडे डोकावले. तोंडासमोर कसं लपवणार? सगळं सांगितलं. ते उठलेच. आम्ही साळव्यांकडे गेलो, दारात चपला काढल्या. शेरू आत पंख्याखाली पडला होता.

"शेरू!"

त्याने मान वर केली. उठून आला. दातारांच्या हाताचा वास घेतला, बराच वेळ घेतला. मग वळला आणि साळवेवहिनींच्या पायाशी जाऊन बसला.

चहा झाला. मुंबईच्या पाण्याबद्दल, शाळांबद्दल बोलणं झालं. दातारांनी दोनदा हाक मारली, शेरूने शेपूटही हलवली नाही. उठताना ते माझ्याकडे बघून हसले. "तुमचं बरोबर होतं, डॉक्टर. विसरला तो. बरं झालं."

आम्ही बाहेर आलो. माझ्या दोन्ही चपला जागेवर होत्या. दातारांची एकच दिसत होती.

शेरू मधेच कधीतरी बाहेर येऊन पायरीवर झोपला होता. दुसरी त्याच्या पोटाखाली होती.