चाचांच्या विरोधात एक हात

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार इब्राहिमचाचांचे. आईवडिलांनी मला शाळेत घातलं, पण आखातातल्या परक्या देशात ताठ उभं राहायला शिकवलं ते रायगडच्या किनाऱ्यावरच्या या माणसाने. काही आठवड्यांपूर्वी सकाळी अल कुसैसच्या घरून ऑफिसला निघालो होतो, तेव्हा त्यांच्या मुलाचा, सलीमचा फोन आला. "अब्बा गेले." मी लिफ्टसमोर तसाच उभा राहिलो... लिफ्ट येऊन गेली.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. राज्यशास्त्र घेऊन बी.ए. झालो आणि अल क्वोजच्या एका गोदामात लागलो. नोकरी चाचांनीच लावली, कामगारांच्या कॅम्पमधल्या खोलीत पलंगही त्यांनीच मिळवून दिला. मला नावाने त्यांनी कधी हाक मारली नाही. "काय रे बीए," एवढंच.

कॅम्पच्या सामाईक स्वयंपाकघराचा कारभार चाचांकडे होता. आम्ही कोकणातले, काही केरळचे, काही बिहारचे. बहुमत कुणाचंच नाही. चाचांचं सरकार केरळवाल्यांच्या पाठिंब्यावर उभं होतं. "तव्यावर काय भाजायचं ते ज्याच्या त्याच्या राज्याने ठरवावं," ते म्हणत, "गॅस, तांदूळ, डाळ केंद्राकडे." परीक्षेसाठी पाठ केलेलं संघराज्य मला तिथे कांदा चिरताना समजलं. दर शुक्रवारी जेवणानंतर सगळे बसत आणि कुणीही कारभाऱ्याला प्रश्न विचारी.

मग चाचांनी ठरवलं की, माणसं थकून येतात, म्हणून स्वयंपाक बंद करून बाहेरून डबे मागवायचे. केरळच्या राजनने पाठिंबा काढून घेतला आणि शुक्रवारी विश्वासदर्शक मतदान ठरलं. डबे मलाही नको होते. आपल्या हातची भाकरी, एवढंच घरचं माझ्याकडे उरलं होतं. पण ज्याने पलंग दिला त्याच्याविरुद्ध हात कसा वर करायचा? आमच्यातलेच काहीजण चाचांना म्हणाले, "पक्षादेश काढा. बीए डळमळतोय."

चाचा माझ्याकडे बघून हसले. "ताटातल्या अन्नावर कसला पक्षादेश? आणि बीए, उपकारच फेडायचे असतील तर मला चहा पाज. मत तुझं तुझ्यापाशी ठेव."

शुक्रवारी चाचांच्या विरोधात माझा हात वर गेला. एका मताने सरकार पडलं. चाचांनी खिशातली किल्ली काढून राजनसमोर ठेवली. "खलास, हबीबी. अब तेरा राज." पुढच्या शुक्रवारी पहिला प्रश्न त्यांचाच होता : "राजन, दाल में दाल किधर है?" राजनसुद्धा हसला. त्या दिवशी ते माझ्याशेजारी येऊन बसले. पूर्वी गावात सरपंच असताना सख्ख्या पुतण्याने अविश्वास ठरावावर त्यांच्याविरुद्ध मत दिलं होतं, आणि त्यांनी पुतण्याशी बोलणं टाकलं होतं. "फार उशिरा कळलं रे," ते म्हणाले. "त्याने सरपंचाला पाडलं होतं, नात्याला नव्हे."

पुढे मी जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात गेलो, चाचा गावी परतले. गेल्या वर्षी एकदा ते फोनवर फार खुशीत होते. गावाने त्यांना बिनविरोध सरपंच करायचं ठरवलं होतं. बचत गट चालवणारी शबाना अर्ज भरणार होती, तिला वडीलधाऱ्यांनी समजावून थांबवलं होतं. "अख्खा गाव एका तोंडाने बोलतोय, बीए!" फोन ठेवल्यावर मी पत्र लिहिलं.

उत्तर आलं नाही. नंतर सलीमने सांगितलं, चाचांनी ते वाचलं, चपला घातल्या आणि तडक शबानाच्या घरी गेले. निवडणूक झाली, चाचा हरले. त्यांना ते किती लागलं, मला ठाऊक नाही. पण शेवटपर्यंत एकही ग्रामसभा त्यांनी चुकवली नाही, आणि नळाला पाणी का येत नाही हे शबानाला दर वेळी विचारलं. परवा सलीमने त्या पत्राचा फोटो पाठवला. पत्र असं :

चाचा, सलाम.

तुमचा फोन ठेवला तेव्हापासून चैन नाही. शबानाला थांबवू नका. ती हरली तर तुम्हाला प्रश्न विचारणारं कुणीतरी राहील. जिंकली तर तिला विचारायला तुम्ही आहातच. मी तुमच्या गावचा मतदार नाही. असतो तर बहुधा तुम्हालाच मत दिलं असतं, पण मला मत द्यायची वेळ तर यायला हवी. तुम्ही रागवाल हे धरूनच लिहितोय. इन्शाल्ला सुट्टीत येईन, तेव्हा समोर बसून सगळं ऐकून घेईन. चाचींना सलाम सांगा.

तुमचा,
बीए