चिंच होती तिथून डावीकडे

आमच्या गावात पत्ता सांगताना जे आहे ते कुणी सांगत नाही, जे नाही ते सांगतात. लग्न होऊन मी इथे आले त्याच आठवड्यात मला ब्लाउज शिवायला टाकायचे होते. सासूबाईंना शिंप्याचं दुकान विचारलं, तर म्हणाल्या, चिंचेपाशी. मी भर उन्हात रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले. खताचं दुकान दिसलं, मोबाइलचं दिसलं, ओट्यावर बसलेली चार माणसं दिसली, ती मला बघत होती. चिंच काही दिसली नाही. घरी येऊन तणतणले, तेव्हा सासूबाई शांतपणे म्हणाल्या की चिंच दिसेल कशी, ती तर रस्ता रुंद केला तेव्हाच तोडली. मग मला चिंच कशाला सांगितली? त्यांनी उलट मलाच विचारलं,

"चिंचेले चिंच नाई म्हनाव तं काय म्हनाव व?"

यावर पुण्याच्या कुठल्याच शाळेत उत्तर शिकवलेलं नव्हतं.

गाव तसं सोपं आहे. वाशिमहून रिसोडकडे जाताना फाट्यावर उतरायचं आणि सरळ आत चालायचं. आधी चिंच, जी नाही. तिथून डावीकडे वळलं की जीन. जीन म्हणजे कापसाची सरकी काढायचा कारखाना. कापूस होता तोवर जीन होतं. शिवारभर सोयाबीन आलं आणि जीन बसलं. आता तिथे मंगल कार्यालय आहे, पण लग्नाच्या पत्रिकेवर स्थळ म्हणून 'जुने जीन' असंच छापतात. जीन चालू असताना त्याच्या खडखडाटात बोललेलं ऐकू यायचं नाही, म्हणून त्या आळीतली माणसं ओरडून बोलायला शिकली. जीन गेलं, ओरडणं राहिलं. तिथे नवरा-बायको भाजी कोणती करायची हे ठरवत असले तरी नव्या माणसाला वाटतं, आता डोकी फुटणार.

जीनाच्या पुढे कोंडवाडा. कुणाचं ढोर कुणाच्या शेतात शिरलं की ते इथे आणून डांबायचे. आता त्या जागी पिण्याच्या पाण्याचं यंत्र बसवलंय, नाणं टाकलं की कॅन भरतो. या कोंडवाड्यासमोर आमचं घर. मुलगी कुठे दिली या प्रश्नाला माझ्या वडिलांनी पुण्यात हे उत्तर कसं द्यायचं, याचा विचार कुणी केला नव्हता.

वडिलांची सगळी नोकरी पोस्टात झाली. घराला नंबर, गल्लीला नाव आणि शेवटी पिनकोड असल्याशिवाय तिथे माणसं राहतात यावर त्यांचा विश्वासच नव्हता. माझा नवरा पुण्यात शेतीचं शिकायला आला होता, तिथे आमचं जमलं, आणि शिकून झाल्यावर तो खरोखरच शेती करायला गावाकडे परत निघाला. वडिलांनी त्याला एकच प्रश्न विचारला, घराचा नंबर काय? तो म्हणाला, नंबर नाही, कुणालाही विचारा, सांगतील. माझ्या मते त्या क्षणी हे लग्न वडिलांच्या मनातून उतरलं.

त्यांनी लग्न पुण्यात लावून दिलं, पण गावी पाऊल टाकलं नाही. दर रविवारी फोन करायचे. तब्येत, पाऊस, भाज्यांचे भाव झाले की शेवटी ठरलेलं वाक्य यायचं: "तुझी खोली आहे तशी आहे. चादर परवाच बदलली." पहिल्या वर्षी मला त्याने रडू यायचं. नंतर राग यायला लागला. मी सुखात होते. उन्हाळ्यात वैतागायचे, लाइट गेली की चिडायचे, पण सुखात होते, आणि हे फोनवर कितीही सांगितलं तरी त्यांना ते खोटं वाटायचं. जितकं हसून सांगावं तितका त्यांचा संशय वाढायचा. त्यांनी एकदा यावं, डोळ्यांनी बघावं आणि ती चादर बदलणं थांबवावं, एवढंच मला हवं होतं. नाहीतर जन्मभर मी दोन घरांत अर्धी-अर्धी राहणार होते.

शेवटी ते यायला तयार झाले. कसे झाले ते मला आजही कळलेलं नाही. दिवस सोयाबीनचे होते. रविवारी सकाळी नवऱ्याने त्यांना मोटारसायकलवर वाशिमहून आणायचं ठरलं. मी पुरणाची डाळ निवडून ठेवली, पडदे धुतले, सासूबाईंना बजावलं की पत्त्याविषयी एक अक्षर बोलायचं नाही. आणि वडील शनिवारीच आले. कुणाला त्रास नको म्हणून. फोनही बंद होता, कारण फोन गरजेपुरताच चालू करायचा असा त्यांचा नियम, आणि स्वतःला गरज आहे हे त्यांना कधी पटलेलं नाही.

पुढचं सगळं मला गावाने सांगितलं. ज्याने त्याने आपापल्या परीने मीठमसाला लावून सांगितलं, त्यातलं सगळ्यांचं जुळलं तेवढं लिहिते.

फाट्यावरच्या चहावाल्याला त्यांनी माझ्या नवऱ्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोडपर्यंत म्हणून दाखवलं. चहावाल्याने आदराने ऐकून घेतलं. पण माझ्या नवऱ्याचं कागदावरचं नाव गावात कुणाला माहीत नाही, आणि आडनाव म्हणाल तर अर्ध्या गावाचं तेच आहे. पिनकोड बरोबर असल्याचं मात्र एकाने सांगितलं. मग वडील म्हणाले, मुलगी पुण्याची. तेव्हा सगळ्यांचे चेहरे उजळले.

"पुन्याची सून! मंग सोपं हाय, बाप्पा. सरळ चिंचेलोक जा, तठून डाव्या अंगाले, जीन लागन, मंग कोंडवाड्यासमोर." एकाने गाडीवर सोडून देतो म्हटलं. वडिलांनी नको म्हटलं. पत्ता हातात आलेला माणूस दुसऱ्याच्या गाडीवर कशाला बसेल?

ते चिंच शोधत निघाले, आणि दुर्दैव असं की त्यांना चिंच सापडली. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, शाळेमागे, खरीखुरी, पानंबिनं असलेली. तिच्यापासून ते शिस्तीत डावीकडे वळले.

तिकडची बरीच घरं दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. पहिल्याच घरातल्या बाईने त्यांना खाटेवर बसवलं, पाणी दिलं, चहा दिला आणि मग कोण कुठले विचारलं. पुणे म्हटल्यावर ती खूश झाली, कारण दर वर्षी त्यांची टोळी त्याच बाजूला जाते. तिने विचारलं, "तुमच्याकडं कोनी नवं मानूस पत्ता विचारत आलं, तं त्याले च्या पाजते का?" वडिलांनी मला हे नंतर स्वतः सांगितलं. काय उत्तर दिलं ते सांगितलं नाही.

तिने त्यांना खऱ्या चिंचेकडे, म्हणजे नसलेल्या चिंचेकडे, परत पाठवलं. वाटेत ते पुन्हा चुकले, पुन्हा कुणीतरी बसवलं. कुणी पोहे दिले. कुणी सीताफळं दिली, शिवाय पिशवीत घातली. प्रत्येक घरी पत्ता नव्याने समजावून सांगितला आणि प्रत्येकाला वाटलं की इतका सोपा पत्ता आहे, आता काय ते चुकतात.

मला पत्ता लागला तो दुपारी. नवरा शेतात मळणीच्या यंत्रापाशी होता. मी अंगणात असताना मागच्या गल्लीतली बाई सहज म्हणून गेली की तुझे वडील बोलायला फार चांगले आहेत हो. मी म्हटलं, ते उद्या येणार आहेत. ती म्हणाली, "उद्या येवोत बापा, पन आज तं आमच्याकडून च्या पिऊन गेले."

ऊन, साठी उलटलेला माणूस, बंद फोन. चार वर्षांनी एकदाचे आले आणि त्यांना माझं घरच सापडू नये? आता रविवारी कुठलं वाक्य ऐकायला मिळणार हे मला आत्ताच ऐकू यायला लागलं. पदर खोचून धावत सुटले. ज्या घरी जाईन तिथे ते नुकतेच उठून गेलेले. कप अजून ओले. प्रत्येक जण मला आधी बस म्हणायचा. जीनाच्या आळीत तर एका आजोबांनी वडील किती सभ्य आहेत हे इतक्या मोठ्याने सांगितलं की मला वाटलं रागावलेत.

दमून घरी परत आले तर सासूबाई, व्याह्यांची कसलीही काळजी नसल्यासारख्या, उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होत्या. "कायले पयतं व उगीच? इवाई चिंच धुंडून राह्यले ना? मंग चिंच जठी होती तठी जाऊन उभी राह्य."

मी गेले. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही की पाय आपोआप तिकडे वळले, खताच्या दुकानासमोर, जिथे चिंच होती तिथे. चार वर्षांत मलाही ती दिसायला लागली होती.

वडील दुकानाच्या ओट्यावर बसले होते. बूट काढून ठेवले होते, शेजारी सीताफळांची पिशवी, आजूबाजूला गावातली रिकामी मंडळी. ते मला दिसले, मी त्यांना दिसले नाही, कारण त्याच वेळी एक बाहेरगावचा मोटारसायकलवाला थांबून दवाखान्याचा रस्ता विचारत होता. कुणी तोंड उघडायच्या आत माझे वडील, पोस्टातून सेवानिवृत्त, पिनकोडचे भक्त, हात करून म्हणाले, "हे काय, इथून चिंचेवरून डावीकडे जा. जीन लागेल. तिथे कुणालाही विचारा."

मोटारसायकलवाल्याने वर बघितलं, खाली बघितलं, आणि तो गेला. मला हसू फुटलं, त्याबरोबर रडूही. वडिलांनी मान वळवली. चूक झाली, उशीर झाला, असलं काही ते म्हणाले नाहीत. ओट्यावर हात फिरवत म्हणाले, "इथे चिंच होती. तुला माहीत आहे का?"

"माहीत आहे, बाबा."

मग आम्ही चालत घरी आलो. रस्ता त्यांनीच दाखवला. त्या रात्री पुरणपोळीचा त्यांनी एक तुकडाही खाल्ला नाही. पोटात जागाच नव्हती. सासूबाईंना त्याचा राग आला आणि तो बरेच दिवस टिकला. निघायच्या दिवशी फाट्यावर बसची वाट बघताना ते एकदम म्हणाले, "तुझ्या खोलीत मी माझी पुस्तकं लावीन म्हणतो. नाहीतर ती नुसती पडून आहे." मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी त्यांनी भाज्यांचे भाव विचारले आणि फोन ठेवला. चादरीचा विषय निघाला नाही.

त्यानंतर ते दर वर्षी आले, सोयाबीनच्याच दिवसांत. सकाळी जायचे, ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रस्ता सांगायचे. हळूहळू लोक त्या जागेला बाबांचा ओटा म्हणायला लागले. चिंचेचं नाव मागे पडलं.

वडील जाऊन आता दोन वर्षं झाली. ओटाही गेल्या उन्हाळ्यात सिमेंटच्या नालीच्या बांधकामात गेला. परवा पार्सलवाल्याचा फोन आला, नवीन होता, पत्ता विचारत होता. मी काही विचार न करता सांगितलं, फाट्यावरून सरळ या आणि बाबांच्या ओट्यापासून डावीकडे वळा. थोड्या वेळाने त्याचा पुन्हा फोन आला. तो जरा वैतागला होता.

"ताई, मी केव्हाचा धुंडून राह्यलो. अठी ओटा नाई, अन कोनी बाबाही बसून नाई."

"नाहीत," मी म्हटलं. "पण तुम्ही कुणालाही विचारा, सांगतील."

मी चहा टाकला. चहाला उकळी यायच्या आत तो दारात उभा होता.