साहेबाचे दोन शब्द

ओल्या सरकीचा वास आला की मी अजून अस्वस्थ होतो. कापसाच्या तेजीत मी अमरावतीच्या बाजारात नवा दुभाष्या होतो. चांदूर बाजारच्या रामजी शेतकऱ्याचा कापूस पाहून खरेदीला आलेला गोरा साहेब "पुट ऑफ" म्हणाला आणि घोड्यावरून अकोल्याकडे निघून गेला. माझ्या वहीत त्याचे तीन अर्थ होते: पुढे ढकलणे, टाळणे, अंगावरून उतरवणे. यातला कोणता, हे साहेबाला विचारायची मला लाज वाटली.

"काय म्हने साहेब? बैलं सोडू का जुपू, मुनशीजी?" रामजीने विचारले.

"सोडा. उद्या घेतील."

तीन दिवस तो ओल्या सरकीच्या वासात गाडीपाशी बसून राहिला. साहेब आला नाही, भाव मात्र उतरला.

जाताना रामजी म्हणाला, "तुमचा काय दोष जी, साहेबच फिरला."

मी 'हो' म्हणून मान डोलावली.