माझ्याच नावाचा भुलेचा कागद

हा गाढवपणा तुम्हाला सांगू की नको, असं माझं इतकी वर्षं चाललंय. पण आता चहा टाकलाच आहे, तर ऐका. हसायचं ते शेवटी हसा म्हणजे झालं.

मी भूलतज्ज्ञ. सर्जन पोट फाडतो तेव्हा उशाशी बसून रुग्णाला झोपवून ठेवणारा माणूस. रुग्ण बरा झाला की सर्जनच्या पाया पडतो. मला ओळखतही नाही! कसा ओळखणार? माझी ओळख व्हायच्या आत तो झोपलेला असतो ना!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. रामदासपेठेत आमचं हॉस्पिटल आणि मागच्याच गल्लीत माझ्या दोन खोल्या. बायको जाऊन पाच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन जबलपूरला. संध्याकाळी कुलूप मीच उघडायचं, दिवा मीच लावायचा आणि 'आलो बरं का' असंही मीच म्हणायचं. कुणाला? भिंतीला! फार एकटं वाटायचं हो, उगाच कशाला लपवू.

अशात आमचे सर्जन देवसाहेब यांना बोलावणं आलं. पूर्व आफ्रिकेतल्या एका गावात महिनाभर राहून फाटलेल्या ओठांच्या मुलांची फुकट ऑपरेशनं करायची. साहेब म्हणाले, "भूल तुम्ही द्यायची. पण सगळी तयारी मला आधी कागदावर पाहिजे. तिथं ऐन वेळी काही मिळणार नाही."

मला पंखच फुटले! महिनाभर त्या भिंतीशी बोलायचं नाही! बसलो लिहायला. वीज गेली तर? हाताने दाबायचा भाता. ऑक्सिजन संपला तर? साध्या हवेवर ईथरची भूल. मुलाच्या घशात घालायची नळी मोठी पडली तर? तीन लहान मापं जास्तीची. चाळीस पानं झाली आणि ती साहेबांना देऊनही टाकली.

मग डोक्यात किडा वळवळला. तिथं साहेबांनाच ऑपरेशन लागलं तर भूल मी देईन. पण मला लागलं तर मला कोण देईल?

मी लगेच एक जादा कागद घेतला आणि माझ्याच नावाचा भुलेचा तक्ता भरला. नाव, वय एकोणपन्नास, वजन, 'पोटाचं तातडीचं ऑपरेशन', औषधांची मात्रा, सगळं. म्हणजे तिथं कुणीही वाचून मला झोपवू शकेल. खाली होतं, 'जवळच्या नातेवाइकाची सही'. तिथं पेन अडलं. आफ्रिकेत माझं जवळचं कोण? जागा कोरी ठेवली, कागद तिथंच हॉस्पिटलातल्या टेबलावर टाकला आणि नळ्या मोजायला गेलो.

तो सापडला कुणाला? आमच्या वॉर्डातल्या सिस्टर वासनिकांना!

संध्याकाळी दार वाजलं. सिस्टर, त्यांचे यजमान आणि हातात डबा.

"सर, भाजी-भाकर आनली. गरम हाये, जेवून घ्या."

"काहून हो सिस्टर, आज काय आहे?"

"काही नाही जी. असंच बसाले आलो."

दोन तास बसले! आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. आजाऱ्याकडे जायचं, पण आजाराचं नाव काढायचं नाही. ते रीत पाळून राहिले होते, आणि मी आजारी आहे हे मलाच माहीत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी एक्स-रेवाले जोडप्याने आले. कंपाउंडर आले. शेजारून खुर्च्या आणाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी वॉर्डबॉय सुखदेव तांदळाची पिशवी घेऊन हजर.

"साहेब, कुहीचा हाये, आमच्या गावच्या वावरातला. पातळ भात करून खा. पोटाले हलका."

"माझ्या पोटाला काय झालंय रे?"

मग मात्र त्याचा बांध फुटला. "तुमी कोनाले सांगून नाही राहिले, पन आमाले समजलं ना! कागद पायला आमी. सही कराले कोनी नाही म्हनून जीव छोटा नका करू, साहेब. मी करतो ना सही! अंगठा नाही, सही येते मले!"

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण खोलीत अकरा माणसं होती, आणि आत माझ्या स्टोव्हवर दुसरं कुणीतरी चहा करत होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा! मी म्हटलं, "बघू, सुखदेव."

तेच ते 'बघू'. तिथंच माती खाल्ली.

चौथ्या दिवशी साक्षात देवसाहेब आले. खोली गच्च.

"मी हे काय ऐकतोय? खरं सांगा, ऑपरेशन आहे तुमचं?"

नाही म्हणावं, तर चार दिवस फसवून डबे खाल्ले असं होणार. हो म्हणावं, तर आफ्रिका गेली! समोर सिस्टर डोळे पुसत होत्या. मी जमिनीकडे बघत म्हटलं, "पोट जरा..."

साहेबांनी बॅगेतून माझी चाळीस पानं काढली. "सदतिसावं पान. तुमचंच अक्षर आहे. 'भूलतज्ज्ञाच्या प्रकृतीबद्दल शंका आल्यास निघण्याआधीच दुसरा माणूस घ्यावा.' मी घेतलाय."

"अहो साहेब!" मी ताडकन उठलो. "मी ठणठणीत आहे! पोटबिट सगळं खोटं!"

साहेबांनी शांतपणे पुढची ओळ वाचली. "'तो स्वतःला ठणठणीत म्हणेल. ऐकू नये.'"

"पाहा बापा," मागून सुखदेव म्हणाला, "जायाची किती तळमळ हाये!"

साहेब गेले आफ्रिकेला, माझ्याविना. मी मुकाट्याने कामावर लागलो. आठवडा झाला तरी मी धडधाकट हिंडतोय म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं, देवाची कृपा झाली म्हणाले. आणि बऱ्या माणसाकडे कोण कशाला येऊन बसेल? खुर्च्या शेजारी परत गेल्या. संध्याकाळी पुन्हा मी आणि भिंत.

दहा दिवस काढले. अकराव्या दिवशी राहवलं नाही. सुखदेवला गाठलं आणि हळूच म्हटलं, "सुखदेव, आज पोटात जरा दुखतंय रे."

"ओवा खा, साहेब," तो म्हणाला आणि स्ट्रेचर ढकलत निघून गेला.