जीप म्हातारी न्हाई, तिचा प्लग मेलाय

दादा, तेच तेच परत लिहू नकोस. जीप विकायची न्हाई म्हणजे न्हाई! हे पत्र पारावर सगळ्यांपुढं मोठ्यानं वाच.

मंडळी, आमचा दादा घोडेगावच्या बाजारात बैल पारखतो. जीप उभ्या जागी थरथरते म्हणून तिलाही म्हातारी ठरवून मोकळा झाला.

आज सकाळीच इथं सुरतेला मी काम शिकतो त्या गॅरेजात अशीच धक्के खाणारी जीप आली. उस्ताद म्हणाले, "डोळे मिट आन् ऐक." चालू इंजिनावर ते एकेका प्लगची वायर काढून परत लावत गेले. वायर काढली की आवाज पडायचा. तिसरी काढली, तरी आवाज तसाच! म्हणजे तोच प्लग मेलेला.

नवा बसवला आणि इंजिन असं गुणगुणायला लागलं, की मिटल्या डोळ्यांपुढं कोल्हारचा पूल आला. खाली प्रवरा संथ चाललेली, वर आपली जीप, आणि चालवतोय मी.

"काय रे, झोपलास?" उस्ताद ओरडले.

मंडळी, एक दात हलला म्हणून तुमी कधी बैल विकलाय का?

दादा, शुक्रवारी गिऱ्हाईक यायच्या आत चारी प्लग बदल. मला गावी येऊन तीच जीप चालवायची हाय. चार प्लगांचे मनीऑर्डरनं पाठवतोय, दोनशे रुपये.