वेल डन, रिवका

आज नातीच्या प्रिंटरमधून गरम कागदाचा वास आला आणि इस्रायलमधल्या बेर शेवाच्या युनिव्हर्सिटीतली कॉम्प्युटरची खोली आठवली. माझं केमिस्ट्रीचं पहिलं वर्ष होतं. आमच्या ओफाकिम गावाहून बसने एकटीच जायचे, आणि दिवसभर तिथे माझ्याशी कुणी बोलायचं नाही.

टायट्रेशनचा सराव आम्ही कॉम्प्युटरला जोडलेल्या, कागदावर छापणाऱ्या टर्मिनलवर करायचो. यंत्र आधी नाव विचारायचं, मग आम्लात किती अल्कली घालू ते. एकदा माझं उत्तर अचूक आलं आणि कागदावर खडखडत इंग्रजी अक्षरं उमटली, ‘वेल डन, रिवका.’ त्या आठवड्यात तिथे माझं नाव घेणारं तेवढंच.

कागद फाडून मी घरी आणला. बाबा ठाण्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेले, इथे सूतगिरणीत लागलेले. त्यांनी तो दोनदा वाचला.

“तुझ्या प्रोफेसरनं लिहिलं?”

“हो,” मी म्हणाले.

“म्हणजे तिथं तुला ओळखतात. बरं झालं गं पोरी.”

बाबांना फसवलं म्हणून कितीतरी दिवस मला रुखरुख होती. आता वाटतं, ते यंत्रानं लिहिलंय आणि मी तिथे एकटी आहे, हे त्यांना कळलं होतं. कारण दुसऱ्या दिवशी, कामावर उशीर होत असूनही, ते पहिल्यांदाच माझ्यासोबत बस स्टॉपपर्यंत आले आणि बस सुटेपर्यंत थांबले.