दाजींची स्क्रिप्ट

कुणा माणसावर लिहायचं धाडस करतोय, त्याची आधीच माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच; लिहिणं अजून अंगवळणी पडलेलं नाही. पण मारुंजीत ज्यांच्या घरी राहून मी शिकतो, त्या माझ्या दाजींइतका संशयी माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात सापडणार नाही.

दाजी हिंजवडीच्या एका कंपनीत कंत्राटावर सर्व्हर सांभाळतात. रोज द्यायच्या आज्ञा एका फायलीत लिहून ठेवल्या की संगणक त्या ओळीने पाळत जातो. तिला स्क्रिप्ट म्हणतात. इतर लोक ती लिहितात, दाजी तिची उलटतपासणी घेतात. काही पुसायचं असेल तर आधी काय काय पुसलं जाईल ते नुसतं छापून बघायचं, हा त्यांचा नेम. घरीही तेच. आमच्या गावी, कासारसाईला, माझ्या वडिलांनी म्हणजे आबांनी त्यांना शेरडं सोडायला सांगितलं, तर हे दारात उभं राहून कुठली कुठली बाहेर जाणार ते विचारत बसले. आबा म्हणाले, "पाव्हणं, शेरडं चरायला सोडायचीत, कोर्टात उभी न्हाई करायचीत." पासवर्ड टाकताना ते चहा घेऊन आलेल्या ताईकडेही पाठ करतात. तो घेऊन मी कुठं पळून जाणार आहे, असं ती दर वेळी विचारते.

मला शिकवतानाही तसंच. अमुक फोल्डरमध्ये जा आणि तिथलं सगळं पूस, असं मी लिहिलं.

"फोल्डर घावलाच न्हाई तर?"

"असतोच की, दाजी."

"असतोच म्हंजे? इचारलंस व्हय त्याला?"

मग त्यांनी करून दाखवलं. आत जाता आलं नाही तरी संगणक पुढची आज्ञा पाळतो, आणि जिथं उभा असेल तिथलंच पुसून टाकतो. म्हणून आत गेलास का ते विचारायचं. नसेल तर तिथंच थांबवायचं. मला पटलं, पण तोवर माझी कॉलेजची बस निघून गेली होती.

यंदा त्यांचं कंत्राट वाढणं एका स्क्रिप्टवर येऊन ठेपलं. जुने बॅकअप पुसणारी ती स्क्रिप्ट साहेबांना सोमवारी हवी होती. सोमवार उलटून शुक्रवार आला तरी दाजींचं चालूच: मधेच वीज गेली तर, एकाच वेळी दोनदा सुरू झाली तर. ताईने भांडी आपटली. मीही वैतागून म्हणालो, "चालतीया नव्हं? द्या की आता."

"चालतीया ते दिसतंय. अडल्यावर कशी वागती ते बघतोय."

शनिवारी दुपारी साहेबांचा फोन आला. पुढच्या महिन्यापासून कंत्राट नाही, काम दुसरा मुलगा बघेल. ताई ओल्या हातांनी तशीच उभी राहिली. दाजींनी एवढंच विचारलं, "सर, स्क्रिप्ट कुठं आणि का थांबली, ते त्या मुलाला कळेल का?"

उत्तर काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून दाजींनी लॅपटॉप उघडला आणि स्क्रिप्ट जिथं जिथं थांबेल, तिथं का थांबली ते सांगणारं एकेक वाक्य लिहायला घेतलं. मला शेजारी बोलावून म्हणाले, "वाच मोठ्यानं. आपल्याला न वळखणाऱ्या पोराला कळंल का, सांग."